गाड्या उभ्या, ड्रायव्हर नाही. मग आपली मुलं स्टिअरिंगपासून लांब का?

भिवंडीच्या गोदामांत जा, मालेगावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसा किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटात चहा घ्या. एक तक्रार सगळीकडे ऐकू येईल. माल आहे, गाडी आहे, हप्ता चालू आहे, पण गाडीवर बसायला भरवशाचा ड्रायव्हर मिळत नाही. चार-पाच गाड्यांच्या मालकाची एक गाडी कायम उभी, हे चित्र आता नवीन राहिलेलं नाही.

त्याच गावांत, त्याच मोहल्ल्यांत दुसरी तक्रारही आहे. पोरगा दहावीला अडकला, किंवा बारावी करून दोन वर्षं घरी बसला. दुकानात आठ-दहा हजारांवर राबतो. वडील स्वतः ड्रायव्हर असले तरी त्यांना विचारून बघा. ते म्हणतील, "काही पण कर बेटा, पण ही लाईन धरू नको."

या दोन तक्रारी एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकींना भेटत नाहीत. असं का झालं आणि ही लाईन धरायचीच असेल तर आज ती कशी धरावी, याचा विचार करायला हवा. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की आपल्या समाजातले ६१ टक्के कामगार स्वयंरोजगारात आहेत. म्हणजे हातात काहीतरी हुन्नर असणं हीच आपल्या बहुतेक घरांची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी. ट्रक चालवणं हा त्यातला मोठा हुन्नर होता आणि आहे.

उस्तादची शाळा बंद पडली

जुनी पद्धत सगळ्यांना आठवत असेल. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मामाच्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या चाचांच्या गाडीवर क्लीनर म्हणून जायचा. ताडपत्री बांधणं, टायर ठोकून बघणं, ऑइल-पाणी, रात्री उस्तादला जागं ठेवणं, असं करत करत चार वर्षांत गाडी त्याच्या हातात यायची. त्या पद्धतीत शिव्या होत्या, पिळवणूक होती, बालपण रस्त्यावर जायचं. तिची आठवण काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट खरी की भरलेली गाडी कसारा घाटातून कुठल्या गिअरमध्ये उतरवायची, ब्रेक तापल्याचा वास कसा ओळखायचा, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल का करायचं नाही, हे उस्ताद शेजारी बसून शिकवत होता.

आज बऱ्याच मालकांनी खर्च वाचवायला क्लीनर काढून टाकला. गाडीत ड्रायव्हर एकटा असतो. म्हणजे नवीन पोराला शिकवणारी शेजारची सीटच रिकामी झाली. त्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही. एजंटला पैसे देऊन परवाना काढायचा आणि पहिल्याच महिन्यात सोळा टनांची गाडी घाटात घालायची, असं चाललंय. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात चूक कोणाची हा वेगळा हिशेब, पण न शिकलेला हात अवजड गाडीवर बसवणं ही चूक आपण घरातूनच टाळू शकतो.

परवाना : अठरा ते बावीसचा हिशेब

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण इथेच बरीच मुलं फसतात. चारचाकीचा साधा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. व्यावसायिक वाहन रस्त्यावर चालवायला वय २० पूर्ण लागतं. आणि व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळायला त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हातात असावा लागतो. म्हणून अठरा पूर्ण झाल्या झाल्या हलक्या वाहनाचा परवाना काढून ठेवणं हे पहिलं पाऊल. हे पाऊल विसाव्या वर्षी टाकणारा मुलगा आणखी एक वर्ष हातचं घालवतो.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने एक महत्त्वाचा निकाल दिला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. यापूर्वी अशा टेम्पोचा अपघात झाला की विमा कंपनी परवान्याचं कारण पुढे करून पैसे द्यायला नकार द्यायची आणि मालक-ड्रायव्हर दोघं कोर्टाच्या फेऱ्या मारायचे. आता ती पळवाट बंद झाली. धोकादायक मालाच्या गाड्यांना मात्र वेगळे नियम आहेतच.

या निकालाचा फायदा नवीन मुलांनी असा घ्यावा की थेट मोठ्या गाडीवर उडी मारू नये. विसाव्या वर्षी छोट्या मालवाहू गाडीवर दीड-दोन वर्षं काढावीत. शहरातली डिलिव्हरी, बाजार समितीचा भाजीपाला, कुरिअरचा माल असं काम करावं. माल कसा भरतात, बिल्टी आणि ई-वे बिल कसं वाचतात, गिऱ्हाइकाशी कसं बोलतात, हे तिथे शिकता येतं. मग अवजड वाहनाचा परवाना.

तो परवाना काढताना स्वस्त एजंट शोधू नका. २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचं प्रशिक्षण ठरवलं आहे, आणि अशा केंद्रातून पास झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. आपल्या जिल्ह्यात असं केंद्र आहे का, हे आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. लांब पडत असेल तरी सहा आठवडे राहून शिकणं परवडतं. पुढची तीस वर्षं या शिकण्यावर जाणार आहेत.

आठवीची अट गेली, दहावीची गरज गेली नाही

आधी व्यावसायिक परवान्याला आठवी पास असणं लागायचं. २०१९ मध्ये ती अट काढली. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना रोजगाराची दारं उघडली, हे चांगलंच झालं. पण आपल्याकडे त्याचा अर्थ "ड्रायव्हरच व्हायचंय, शाळा कशाला?" असा काढला जातोय. हा अर्थ महागात पडतो.

दोन दारं फक्त दहावी पास मुलालाच उघडतात. एक एसटी महामंडळाचं. चालक भरतीत दहावी मागतात, आणि एसटीची नोकरी म्हणजे ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा. दुसरं दार परदेशाचं. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरी-रायगडच्या घरांना हे सांगायला नको. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर आखातातल्या नोकरीसाठी सरकारी मंजुरीची अट लागते. ती मंजुरी त्याच्या संरक्षणासाठी आहे, पण तिला बगल देऊन व्हिजिट व्हिसावर पाठवणारे एजंट अशाच मुलांना गाठतात. एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघता येतं. करार हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. "ट्रक ड्रायव्हर" म्हणून नेऊन दुसऱ्याच कामाला लावलं, अशा कहाण्या प्रत्येक गावात आहेत.

शाळा सुटली असेल तर मुक्त विद्यालयातून दहावी करता येते. आणि अठरा ते वीस या मधल्या काळात आयटीआयचा एक वर्षाचा डिझेल मेकॅनिक कोर्स केलेला मुलगा मालकाला सोन्यासारखा वाटतो. गाडी रात्री दोनला बंद पडली तर तो फोन करून रडत नाही, बॉनेट उघडतो.

सात दिवसांचा रस्ता, अडीच दिवसांत

ड्रायव्हर का मिळत नाहीत, याचं खरं उत्तर कामाच्या तासांत आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी जास्तीत जास्त दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण तो कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता, आणि आपली बहुतेक मुलं एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे असतात. आता हे विषय नव्या कामगार संहितांमध्ये गेले आहेत. कागद बदलला, रस्त्यावरची परिस्थिती तीच आहे.

एक साधा हिशेब बघा. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. मुंबई ते दिल्ली साधारण चौदाशे किलोमीटर. म्हणजे सरकारच्या नियमात सात दिवस मिळतात. शेठ मात्र गाडी अडीच दिवसांत मागतो, कारण त्याला पुढचं भाडं पकडायचं असतं. ही घाई ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल होते. जून २०२५ पासून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. रस्ता चांगला आहे, पण सरळ आणि एकसारखा. अशा रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही.

थोडा बदल होतोय. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक नव्या मालवाहू गाडीला एसी केबिन सक्तीची झाली. काही पेट्रोल पंपांवर तेल कंपन्यांनी "अपना घर" नावाने ड्रायव्हरांना झोपायची-आंघोळीची सोय केली आहे. पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं चालणार. म्हणून नोकरी धरताना फक्त पगार विचारू नका. गाडीचं वय, रूट, महिन्यात किती दिवस घरी, रात्री किती ड्रायव्हिंग, भत्ता किती आणि टोल-दंड कोणाच्या खिशातून, हे सगळं विचारा.

दंडाचं विशेष. ओव्हरलोड गाडीला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. भरतो मालक, पण बऱ्याच ठिकाणी तो पगारातून कापला जातो. ई-चलनाच्या प्रश्नावर राज्यातल्या वाहतूकदारांनी २०२५ च्या जुलैमध्ये बंद पुकारला होता. मालकांचं गाऱ्हाणं सरकारपर्यंत पोहोचलं. पण मालक ज्याच्या पगारातून चलन वळतं करतो, त्या ड्रायव्हरचं गाऱ्हाणं कोण मांडणार? पगार बँक खात्यातच घ्या. उचल घेतली तर वहीत तारीख टाकून सही घ्या. हा साधा कागद पुढे किती कामाला येतो ते खाली सांगतो.

अपघात झाला तर पळायचं की थांबायचं?

जानेवारी २०२४ चा बंद आठवत असेल. मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकर उभे राहिले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. कारण होतं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२). अपघातात मृत्यू झाला आणि ड्रायव्हर खबर न देता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. २ जानेवारीला केंद्रीय गृह सचिवांनी वाहतूकदार संघटनेला चर्चेशिवाय अंमल न करण्याचं आश्वासन दिलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

पण त्यामुळे "काही होत नाही" असं समजू नका. १०६(१) लागू आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच्या कायद्यात ती दोन वर्षं होती.

ड्रायव्हर पळतो तो बहुतेक वेळा जमावाच्या भीतीने. ही भीती खोटी नाही, आणि नाव विचारलं गेल्यावर आपल्या मुलाची भीती दुप्पट होते, हेही खरं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ही भीती ओळखतं. जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे, पण जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर त्याला तिथेच उभं राहण्याची सक्ती नाही. मग करायचं काय? गाडी घेऊन किंवा सोडून सुरक्षित ठिकाणी जा, लगेच ११२ ला फोन करा, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर व्हा. फोनमधली कॉलची नोंद पुसू नका. तुम्ही मदत मागितली, याचा तो पुरावा आहे. आणि मुळात कोणाचा तरी जीव रस्त्यावर पडलेला असतो. त्याला वाचवायचा फोन हा कायद्याआधी आपला ईमान सांगतो.

जनावरांची गाडी

एका विषयावर घरात उघड बोललं पाहिजे. मार्च २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर आणि त्यासाठीच्या वाहतुकीवर बंदी आहे. म्हशी त्या बंदीत येत नाहीत. तरी रस्त्यात गाडी अडवणारे हा फरक बघत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशी समाजाने राज्यात अनेक ठिकाणी जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली, ती याच त्रासाला कंटाळून. खासगी माणसाला गाडी अडवून तपासायचा अधिकार नाही आणि झुंडशाही रोखायची जबाबदारी पोलिसांची आहे, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०१८ मध्येच बजावलं आहे. हा हक्क मागत राहायलाच हवा.

पण नव्या ड्रायव्हरला सल्ला द्यायचा तर असा की जादा भाड्याच्या मोहात अशी खेप घेऊ नका. मालक पुढच्या दाराने सुटतो, गाडी जप्त होते आणि आत जातो तो ड्रायव्हर. जनावर असो की बंद पेटी, बिल्टीत काय लिहिलंय आणि गाडीत काय आहे हे न बघता निघायचं नाही. कागद नसेल तर "शेठ, गाडी नाही हलणार" म्हणण्याची हिंमत हवी. एक खेप गेली तरी चालेल.

मागे राहिलेल्या घरासाठी

ड्रायव्हर कामावर असताना गेला तर पुष्कळदा शेठ लाखभर रुपये हातावर ठेवतो, मोहल्ल्यातली मोठी माणसं समजूत घालतात आणि विषय मिटतो. विधवेला माहीतच नसतं की कायद्याने तिचा हक्क कितीतरी मोठा आहे. भरपाईचं सूत्र असं : पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. ४० वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७ आहे. महिना १५,००० पगार धरला तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. गाडीचा विमा चालू असेल तर ही रक्कम बहुधा विमा कंपनीवर येते, त्यामुळे शेठशी वाईटपणा घ्यायचंही कारण नाही. पण तो त्या गाडीवर नोकरीला होता, हे सिद्ध करावं लागतं. बँकेत आलेला पगार आणि बिल्टीवरचं ड्रायव्हरचं नाव इथे कामाला येतं. सही करून समझोता करण्याआधी वकिलाला भेटा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो.

जखमी झाल्यास मे २०२५ पासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. बँकेतून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमाही मिळतो. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, पण विचारायचं राहून गेलं म्हणून घर उघड्यावर पडू नये.

तब्येतीचंही तसंच. डोळे आणि साखर वर्षातून एकदा तपासा. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहने दिली आहे. उन्हात भरलेली गाडी चालवताना ती घेण्यात कमीपणा नाही.

मालक व्हायची घाई

दोन-चार वर्षं झाली की प्रत्येकाला स्वतःची गाडी हवी असते. फायनान्सवाला दारात येतो. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी दीनचा आहेच, पण नुसता व्यवहार बघितला तरी एकट्याच्या गाडीचं गणित नाजूक असतं. पावसाळ्यात भाडं कमी, एक टायर फुटला, गाडी दहा दिवस उभी राहिली, की हप्ता चुकला. दोन-तीन हप्ते चुकले की गाडी ओढून नेतात आणि भरलेली रक्कम बुडते. त्यापेक्षा दोन-तीन भरवशाच्या माणसांनी नफ्या-तोट्यातल्या भागीदारीत जुनी, चांगली गाडी घेणं बरं. करार लेखी हवा, हिशेब दर महिन्याला हवा. भाऊ-भाऊ असले तरी.

समाजाच्या संस्थांनीही इथे विचार करावा. आपण वह्या-पुस्तकं वाटतो, रेशन किट वाटतो. एखाद्या गरीब मुलाची अवजड वाहनाच्या प्रशिक्षणाची फी, परवान्याचा खर्च आणि सहा आठवड्यांचं जेवण दिलं तर एक घर उभं राहतं. जुम्म्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या अनुभवी ड्रायव्हरांना महिन्यातून एकदा नव्या मुलांसमोर बसवा. हरवलेली उस्तादची शाळा शिव्यांशिवाय परत सुरू करता येईल.

आणि वडिलांना एक विनंती. "ही लाईन धरू नको" हे तुम्ही स्वतः भोगलेल्या त्रासातून म्हणता, ते बरोबरच आहे. पण मुलगा धरणारच असेल तर त्याच्याबरोबर आरटीओत जा. पहिल्या शेठशी बोलताना शेजारी बसा. पहिल्या लांबच्या खेपेआधी गाडीचे ब्रेक स्वतः बघा. तुम्ही वीस वर्षांत जे शिकलात ते त्याला वीस दिवसांत सांगता येईल, फक्त सांगायला बसलं पाहिजे.